ताण मोजला, पण कुणाचा?

(कामकरी स्त्रियांच्या आरोग्यावरील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून 'ताण' हा शब्द आपण सगळ्यांनीच वापरला. टार्गेटचा ताण, सुपरवायझरचा ताण, घरी गेल्यावर पाण्याचा नि पोरांच्या अभ्यासाचा ताण. आपण हा शब्द तक्रार म्हणून वापरतो. पण आता व्यवस्थापनानंही तो उचलला आहे. एखादी बाई कामावर चक्कर येऊन पडली की सांगतात, 'तिला ताण झेपत नाही'. मग कुणा बाईंना बोलावून तासभर श्वासाचे व्यायाम घेतात, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्याचं पोस्टर लागतं, आणि दुसऱ्या दिवशी टार्गेट तेवढंच असतं. एकच शब्द दोन्ही बाजू वापरतात, तेव्हा त्याच्यामागे कोणता सिद्धांत उभा आहे आणि तो किती पक्का आहे, हे आपणच तपासून घ्यायला हवं. मला आज तेवढंच करायचं आहे.

'विज्ञान पुरुषी आहे, सोडून द्या' असं मी म्हणणार नाही. आपण सोडलं तर ते समोरच्याच्या हातात राहतं. आणि 'शास्त्रानं सिद्ध झालंय' असं कुणी म्हटलं की मान डोलवायची, असंही नको. कोणाला मोजलं, काय मोजलं, कशाशी तुलना केली, पैसे कुणी दिले, हे प्रश्न आपण रेशनच्या दुकानातही विचारतो. ते इथेही विचारूया.

सुरुवात माकडांपासून करते. १९५८ साली अमेरिकेत जोसेफ ब्रॅडी या मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग प्रसिद्ध केला. माकडांच्या चार जोड्या. जोडीतल्या दोघांनाही विजेचे झटके बसायचे. एकापुढे एक कळ होती, ती वेळेवर दाबत राहिलं की दोघांचाही झटका टळायचा. दुसऱ्यापुढेही कळ होती, पण निकामी. काही आठवड्यांत कळ दाबणारी माकडं पोटातल्या व्रणांनी मेली, दुसरी ठीक राहिली. कळवाल्या माकडाला नाव दिलं 'एक्झिक्युटिव्ह' माकड, म्हणजे साहेब माकड. निष्कर्ष काय, तर जबाबदारी घेणाऱ्याला, निर्णय करणाऱ्याला ताण येतो. साहेबांना हा निष्कर्ष किती आवडला असेल! वर्तमानपत्रांनी तो उचलला, पाठ्यपुस्तकांत गेला, आणि 'मोठ्या पदाचा ताण' ही समजूत आजही लोकांच्या तोंडी आहे.

आता प्रयोगातली खोट बघा. साहेब माकडं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. आधीच्या चाचणीत जी माकडं कळ भराभर दाबत होती, त्यांनाच साहेब केलं होतं. म्हणजे मुळात जी जास्त बिचकणारी, ती एका बाजूला गेली आणि शांत असलेली दुसऱ्या बाजूला. पुढे जे वाइस यानं उंदरांवर असाच प्रयोग केला, पण उंदरांची वाटणी कुठलीही निवड न करता केली. निकाल उलटा आला. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं, नुसते झटके सोसायचे होते, त्यांना जास्त व्रण झाले. (पोटातल्या अल्सरचं म्हणाल तर बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात त्यामागचा जिवाणू दाखवून दिला आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. ताणाच्या नावावर किती गोष्टी खपतात, त्याचा हा एक नमुना.) माकडं आठ, निवड सदोष, आणि तरी सिद्धांत गाजला. कारण तो ज्यांना सोयीचा होता, त्यांच्या हातात तो गाजवण्याची साधनं होती.

दुसरं उदाहरण 'टाइप ए' स्वभावाचं. मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन हे दोन अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ. १९५९ साली त्यांनी मांडलं की सतत घाईत असलेली, ईर्ष्येनं धावणारी, चटकन चिडणारी माणसं हृदयविकाराला बळी पडतात. त्यांच्या मोठ्या पाहणीत ३,१५४ जण होते, सगळे पुरुष. साडेआठ वर्षांत टाइप ए पुरुषांना दुप्पट हृदयविकार झाला, असं १९७५ साली जाहीर झालं. पण त्याच पुरुषांचा पुढे माग काढला तेव्हा हा संबंध टिकला नाही. हृदयविकार होऊन गेलेल्यांत तर टाइप ए पुरुष जास्त जगले, असं १९८८ साली दिसलं. आणि २०१२ साली संशोधकांनी तंबाखू कंपन्यांची जुनी कागदपत्रं तपासून दाखवलं की फ्रीडमन यांच्या संस्थेला सिगारेट कंपनीकडून पैसा जात होता. कंपनीचा फायदा उघड आहे. दोष माणसाच्या स्वभावाचा ठरला की सिगारेट सुटते. 'स्ट्रेस' हा शब्द ज्यांनी घरोघरी नेला, ते हान्स सेल्ये, १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून ही कल्पना मांडणारे, त्यांच्याही संशोधनाला तंबाखू कंपन्यांचा पैसा होता, हेही अशाच कागदपत्रांतून पुढे आलं.

एवढ्यावरून मूळ कल्पनाच खोटी, असं म्हणायची घाई करू नका. संकटात शरीराचे स्राव बदलतात, हे पक्कं आहे. पण दोष कामाच्या रचनेतून उचलून माणसाच्या स्वभावात नेऊन ठेवणारा सिद्धांत दिसला, की 'पैसा कुणाचा' हा प्रश्न आधी विचारायचा.

आता उलट दिशेचा पुरावा. लंडनमध्ये व्हाइटहॉल म्हणून सरकारी कचेऱ्यांचा भाग आहे. तिथल्या सुमारे १८,००० नोकरदारांची पाहणी १९६७ साली सुरू झाली. हेही सगळे पुरुष. साहेब माकडाचा सिद्धांत खरा असता तर वरचे अधिकारी आधी मरायला हवे होते. १९७८ साली आलेल्या निकालात सर्वांत खालच्या श्रेणीतले शिपाई आणि पट्टेवाले हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरलं तरी फरकाचा मोठा भाग उरलाच. यातले कोणी खाणीत राबणारे नव्हते की उपाशी नव्हते. कायम नोकरी, पेन्शन, एकाच शहरातली कचेरी. तरीही पायरीगणिक आयुष्य कमी.

असं का, याचं एक उत्तर रॉबर्ट कॅरासेक यानं १९७९ साली दिलं. काम किती अंगावर पडतं, आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा किती, अशा दोन गोष्टी त्यानं वेगळ्या केल्या. नुसतं काम जास्त असणं घातक नाही. काम जास्त आणि मुभा नाही, हे घातक. तयार कपड्यांच्या कारखान्यात लाइनवर बसलेली बाई घ्या. तासाला किती कॉलर शिवायच्या ते ठरलेलं, लघवीला जायचं तर विचारून, मशिन बिघडलं तरी आकडा तोच. तिच्या सुपरवायझरलाही धावपळ आहेच, पण तो उठून चहाला जाऊ शकतो. १९८८ साली जेफ्री जॉन्सन आणि एलन हॉल यांनी स्वीडनमधल्या १३,७७९ स्त्री-पुरुष कामगारांच्या आधारे तिसरी गोष्ट जोडली, ती म्हणजे बरोबरच्यांची साथ. धावपळ जास्त, मुभा नाही आणि शेजारणीशी बोलायचीही बंदी, अशा ठिकाणी आजार सर्वांत जास्त. युनियन करणाऱ्या बायकांना हे कुणी सांगायला नको, पण ते आकड्यांत आलं, हे महत्त्वाचं. त्यातही एक लक्षात ठेवा. ती पाहणी एकाच वेळची होती. आजारी असल्यामुळे बाई एकटी पडली की एकटी पडल्यामुळे आजारी झाली, हे तशा पाहणीतून कळत नाही.

हा सिद्धांत किती टिकला? मला विचाराल तर आजवरच्या सिद्धांतांत सर्वांत बरा टिकला, पण आपल्याला वाटतं तेवढ्या जोरानं नाही. २०१२ साली युरोपातल्या १३ दीर्घकालीन पाहण्या एकत्र करून १,९७,४७३ माणसांचा हिशेब मांडला गेला. जास्त मागणी आणि कमी मुभा असलेल्यांत हृदयविकाराचा धोका इतरांच्या १.२३ पट निघाला. म्हणजे इतरांत जिथे १०० जणांना होतो, तिथे यांच्यात १२३ जणांना. संबंध कार्यकारणाचा आहे असं धरलं, तर त्या लोकांतल्या एकूण हृदयविकारांपैकी ३.४ टक्के या कारणानं. सिगारेटचा वाटा याच्या कितीतरी पट मोठा. तेव्हा गेट मीटिंगमध्ये 'ताणामुळे हार्ट अॅटॅक दुप्पट होतात' असं कुणी ठोकून देऊ नये. समोरच्याचा डॉक्टर हा आकडा काढून दाखवील आणि आपलं खरं म्हणणंही त्यात वाहून जाईल. 'परिणाम मध्यम आहे, पण पुन्हा पुन्हा दिसतो, आणि तो कमी करणं मालकाच्या हातात आहे' एवढं म्हटलं तर ते कुणाला खोडता येत नाही. व्हाइटहॉलच्या दुसऱ्या पाहणीत तर १९९७ साली असं दिसलं की दोन्हींपैकी मुभा नसणं हेच जास्त बोलतं, धावपळीचा वाटा कमी.

इथे एका सापळ्याबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण आपण सगळ्या सर्व्हे करतो. स्कॉटलंडमधल्या पाच-साडेपाच हजार पुरुषांची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. ज्यांनी 'मला फार ताण आहे' असं सांगितलं, त्यांनीच 'छातीत दुखतं' असंही जास्त सांगितलं. पण कागदावरचं सांगणं सोडून हृदयाचा आलेख आणि मृत्यूच्या नोंदी पाहिल्या, तर तसा संबंध दिसेना. गंमत म्हणजे त्या गटात ताण जास्त सांगणारे वरच्या थरातले होते, म्हणजे प्रकृतीनं मुळात बरे. जो माणूस एका प्रश्नाला 'त्रास आहे' म्हणतो, तो दुसऱ्यालाही म्हणतो. आपल्याकडच्या बऱ्याच प्रश्नावल्यांत 'कामाचा ताण येतो का?' आणि खाली लगेच 'डोकं दुखतं का?' असं असतं. एकाच बाईनं एकाच बसकणीत दिलेली दोन उत्तरं जुळवून आपण 'ताणानं डोकेदुखी' असा निष्कर्ष काढतो. तिचं डोकं खरंच दुखतं, यात शंका नाही. पण पुरावा म्हणून तो लंगडा आहे. उलट बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. पुष्कळजणी 'मला कसला ताण?' म्हणून मोकळ्या होतात. सोसण्याची सवय झालेली बाई 'नाही' म्हणते, आणि तक्त्यात ती सुखी म्हणून जाते.

आणि ज्या नोकरी सोडून गेल्या त्यांचं काय? कारखान्यात जाऊन पाहणी केली तर आत असलेल्याच भेटतात. जिला जमेना, जिचं मूल आजारी पडलं, जिला पाळी वेळेवर येईना म्हणून सासूनं घरी बसवलं, ती यादीत नसते. कामगार धडधाकट दिसतात, कारण न टिकलेल्या गळून गेलेल्या असतात. सोडून गेलेल्यांच्या घरी जाणं कष्टाचं आहे, पण खरं चित्र तिथेच आहे.

आता घराकडे येते. या सगळ्या सिद्धांतांत 'काम' म्हणजे पगाराचं काम. संध्याकाळी सहाला बाई दारातून बाहेर पडली की संशोधकाची वही मिटते.

काही जणींनी ती वही उघडी ठेवली. मारियान फ्रांकेनहॉयझर ही स्वीडनची संशोधक. तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी व्होल्वो मोटार कंपनीतल्या स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांच्या लघवीतले ताणाचे स्राव दिवसाच नव्हे, संध्याकाळीही मोजले. १९८९ साली निकाल आला. दिवसा स्त्री आणि पुरुष व्यवस्थापकांच्यात फारसा फरक नव्हता. पाच वाजल्यानंतर पुरुषांच्या नॉरअॅड्रिनॅलिनचं प्रमाण झपाट्यानं उतरलं आणि बायकांचं चढत गेलं. नमुना लहान होता, एका कंपनीतला होता, श्रीमंत देशातल्या अधिकारी बायकांचा होता. पण इथे कुणी 'ताण येतो का?' विचारलं नव्हतं, शरीरातून मोजलं होतं. म्हणून स्कॉटलंडचा आक्षेप याला लागू होत नाही.

याच्याही आधी, १९८० साली, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या पाहणीतून सुझॅन हेन्स आणि मॅनिंग फाइनलीब यांनी बायकांचे आकडे वेगळे काढले. तेव्हा ओरड अशी होती की बायका नोकऱ्या करायला लागल्या, आता त्यांनाही पुरुषांसारखे झटके येणार, घरी बसा. आकड्यांनी ते म्हणणं खोडलं. नोकरी करणाऱ्या सगळ्या बायका एकत्र धरल्या तर हृदयविकार गृहिणींपेक्षा जास्त नव्हता. जास्त होता तो कारकुनी करणाऱ्या बायकांत, त्यातही मुलंबाळं असलेल्यांत. साथ न देणारा साहेब, गिळून टाकलेला राग, आणि नोकरी बदलण्याची सोय नसणं, ही त्यांच्यातली लक्षणं. आजारी पडलेल्यांची संख्या थोडी होती, म्हणून फार ताणू नये. पण 'नोकरी बाईला मानवत नाही' असं म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला हे पुरेसं आहे.

माझ्या मते या साऱ्यात आपल्या सर्वांत उपयोगाचा निष्कर्ष व्हाइटहॉलच्या दुसऱ्या पाहणीतला आहे. ती १९८५ ते ८८ मध्ये सुरू झाली, एकूण १०,३०८ जण, आणि या खेपेला एक तृतीयांश बायका. २००४ साली तरानी चंडोला आणि सहकाऱ्यांनी घरातल्या गोष्टींवर स्वतःची सत्ता किती, हे तपासलं. ज्या बायकांनी घरात आपल्या हातात काही नाही असं सांगितलं होतं, त्यांना पुढच्या काळात हृदयविकार जास्त झाला. पुरुषांत हा संबंध दिसला नाही. उत्तर आधी नोंदलं आणि आजार नंतर झाला, हा या पाहणीचा जोर. म्हणजे कॅरासेकचं सूत्र चुकीचं नव्हतं. ते कचेरीच्या दाराशी थांबलं होतं. मुभा नसणं बाईला जिथे भोगावं लागतं, तिथेही तेच सूत्र लावलं की ते बोलू लागलं.

योहान्नेस झीगरिस्टचा १९९६ चा सिद्धांत थोडक्यात सांगते. ओतलेले कष्ट आणि मिळालेला मोबदला यांचा तोल गेला की शरीर बिघडतं. मोबदला म्हणजे पैसा, मान आणि नोकरीची खात्री. आशा ताईंना 'स्वयंसेविका' म्हणून कामाला लावायचं, पगाराऐवजी मानधन द्यायचं, आणि करोनात घरोघर पाठवायचं, याचं वर्णन करायला हा सिद्धांत नेमका आहे. त्याचा पुरावा मात्र बराचसा युरोपातल्या पगारी नोकरदारांचा आहे.

तासांबद्दलचा पुरावा जास्त भक्कम. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली अंदाज दिला की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तासांच्या कामामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकारानं ७ लाख ४५ हजार माणसं गेली. त्यात पुरुष जास्त. का? कारण मोजलेले तास पगाराचे. आपल्याकडच्या २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुष ९७ मिनिटं घरकामात घालवतात असं दिसलं. त्यातही घरकाम करणारे पुरुष शंभरात २६, बायका ८१. यात पूर्णवेळ गृहिणीही आहेत, म्हणून पाच तासांचा आकडा तसाच नोकरदार बाईला चिकटवू नका. तिचे दोनच तास धरा. आठ तासांची सहा दिवस नोकरी म्हणजे ४८, त्यात घरचे १४. बासष्ट झाले. हे बासष्ट तास पगाराच्या बासष्ट तासांइतकेच घातक आहेत, असं म्हणायला आज पुरावा नाही. घातक नाहीत, असं म्हणायलाही नाही. कारण कुणी मोजलेलंच नाही.

आणि न मोजलेल्यांत सर्वांत पुढे आपल्या ऊसतोडणीच्या बायका. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब मुकादमाच्या वहीत. पहाटे फडात, रात्री-अपरात्री गाडी भरायला, मधे चूल नि पोरं. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड. मागणी, मुभा, साथ, मोबदला, कुठलीही पट्टी लावा, त्या तळालाच सापडतील. एका पाहणीत म्हणून त्या नाहीत. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कुणी याला 'ताणाचा परिणाम' म्हणेल तर मी हरकत घेईन. पाळीत खाडा परवडत नाही, फडाजवळ संडास नाही, पाणी नाही, अंगावरून जातं म्हणून गेलं की खासगी डॉक्टर पिशवी काढायला सांगतो, या साखळीतली प्रत्येक कडी दाखवता येते. तिच्यावर 'ताण' असा एक शब्द टाकला की मुकादम, कारखाना आणि डॉक्टर तिघेही त्याखाली झाकले जातात. १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, ताण नव्हता. त्या अर्थानंही तो शब्द आपल्याला फार लांब नेत नाही. खाड्याचा दंड मात्र रुपयांत सांगता येतो.

आता श्वासाच्या व्यायामाबद्दल, कारण तो विषय निघणारच. २०२४ साली विल्यम फ्लेमिंग यानं ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांचे आकडे तपासले. ध्यान, ताणनियोजनाची शिबिरं, मोबाइलवरची अॅप्स यांत भाग घेतलेले आणि न घेतलेले यांच्या मनःस्थितीत फरक सापडला नाही. ही एकाच वेळची पाहणी आहे आणि यातही लोकांचं सांगणंच धरलं आहे, म्हणजे मघाचे दोन्ही आक्षेप इथेही लागू. पुरावा आपल्या बाजूचा आहे म्हणून त्याला सूट द्यायची नाही. पण व्यायामवर्गानं काम भागतं असं म्हणणाऱ्यानं आता पुरावा आणून दाखवावा, एवढं आपण नक्की म्हणू शकतो. बाकी कुणाला प्राणायामानं बरं वाटत असेल तर तिनं जरूर करावा, सकाळी तेवढी वीस मिनिटं तिला मिळत असली तर.

दुपारच्या गटचर्चेत आपल्या प्रश्नावल्या समोर ठेवूया. 'कामाचा ताण येतो का?' हा प्रश्न शेवटी टाकू, नाहीतर काढूनच टाकू. त्याजागी, काल कितीला उठलात, कितीला पाठ टेकलीत? कामावर लघवीला कुणाला न विचारता जाता येतं का? गेल्या महिन्यात किती खाडे, किती पैसे कापले? घरात स्वतःच्या पगारातून न विचारता शेवटचं काय घेतलंत? रक्तदाब मोजायचं यंत्र दोन गटांकडे आहे. तो सकाळी कामावर जाताना एकदा आणि रात्री भांडी झाल्यावर एकदा, असा दोनदा मोजू. आणि प्रत्येक वस्तीत, गेल्या दोन वर्षांत काम सोडून गेलेल्या बायकांची यादी आधी करायची, मग आत असलेल्यांकडे जायचं. जेवणानंतर बरोबर दोनला बसू.